सीट्राडोनिया लिनिॲरिस शैवाकाच्या संग्रहनोंदी

उ. अमेरिकेतील दक्षिण ॲपालॅचियन पर्वतात आढळणाऱ्या एका दुर्मिळ शैवाकाच्या, वनस्पतिसंग्रहांत जपलेल्या नमुन्यांचा व त्यांवरील नोंदींचा इतिहास. इंग्रजीत या शैवाकाला ‘रॉक नोम लायकेन’ म्हणतात. ‘नोम’ म्हणजे पाश्चात्त्य लोककथांतील, जमिनीखाली राहून खनिजांची राखण करणारा ठेंगू जीव. खडकाला चिकटून राहणाऱ्या या इवल्याशा शैवाकाला ते नाव शोभते. टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांच्या सीमेवरील उंच डोंगर हे त्याचे मुख्य क्षेत्र असून जॉर्जिया, साउथ कॅरोलायना व व्हर्जिनिया या लगतच्या राज्यांतही त्याच्या थोड्या वस्त्या सापडल्या आहेत. जगात अन्यत्र ते कोठेही आढळलेले नाही.

शैवाक म्हणजे कवक व शैवल यांच्या सहजीवनातून बनलेले शरीर. ही गोष्ट स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ झीमोन श्वेंडेनर यांनी १८६७ च्या सुमारास मांडली, तेव्हा तिला शैवाकतज्ञांकडून कडवा विरोध झाला होता. शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव आज त्यातील कवकाचे नाव समजले जाते. प्रस्तुत शैवाकाचे कायक (शरीर) अरुंद पट्ट्यांसारख्या शल्कांचे बनलेले असते. शल्काची रुंदी सु. १ मिमी. व लांबी सु. १ सेंमी. भरते. शल्के खडकालगत दाटीने वाढतात व त्यांची टोके खडकापासून वर वळलेली असतात. वरचा पृष्ठभाग निळसर करडा, खालचा पांढरा व तळाकडे काळा पडत जाणारा असतो. शल्कांच्या टोकांवर येणारी फळे (बीजुके निर्माण करणारी अंगे) काळी असून ती जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान दिसतात. मात्र प्रसार मुख्यतः अलैंगिक रीतीने, म्हणजे असलेली वस्तीच हळूहळू पसरून होतो. सस. पासून सु. १,५०० मी. पेक्षा अधिक उंचीवरील, वारंवार धुक्याने वेढले जाणारे उभे कडे आणि कमी उंचीवरील खोल नदीघळी ही त्याची दोन प्रकारची ठिकाणे. कड्यावरच्या जंगलातील मातीतून पाझरणारे पाणी अतिवृष्टीच्या वेळी जेथून ओघळते, नेमक्या त्याच रेषेवर ते बहुधा उगवते. या मुलखाच्या सर्वांत उंच भागात वर्षाला सु. २१५ सेंमी. पर्जन्य पडते.

शैवाकांचा संग्रह फुलझाडांच्या संग्रहाहून वेगळ्या रीतीने ठेवतात. फुलझाडाची फांदी दाबून, वाळवून मोठ्या कागदावर डकवतात. शैवाक मात्र दाबण्याची गरज नसते. ते वाऱ्यावर वाळवून, पुष्कळदा खडकाच्या कपचीसह, घडी घातलेल्या कागदाच्या पुडीत ठेवतात आणि पुडीवर चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठीवर नाव, ठिकाण, उंची, कशावर वाढले होते त्याची माहिती, दिनांक, संग्राहकाचे नाव व त्याच्या वहीतील अनुक्रमांक असतो. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल हेही शैवाकच, किंबहुना अनेक जातींच्या शैवाकांचे मिश्रण. बाजारात ते पोत्यांनी येते, पण कोणत्या डोंगरावरून व कधी काढले हे सांगणारी चिठ्ठी त्याला नसते. संग्रहातील पुडी व वाण्याच्या दुकानातील पुडी यांतील फरक तेवढाच आहे, आणि शास्त्राच्या दृष्टीने तो सर्वस्व आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील (पूर्वीच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील) आजरेकर कवकसंग्रहात पश्चिम घाटातील शैवाकांचे नमुने याच पद्धतीने ठेवलेले आहेत.

ॲपालॅचियन पर्वताच्या उत्तर भागातील शैवाके एकोणिसाव्या शतकातच चांगली माहीत झाली होती. ॲम्हर्स्ट येथील एडवर्ड टकरमन (१८१७–८६) यांनी न्यू हँपशरच्या व्हाइट मौंटन्स पर्वतरांगेत वर्षानुवर्षे संग्रह केला. तेथील एका दरीला त्यांचेच नाव आहे व त्यांचा संग्रह हार्व्हर्ड विद्यापीठात आहे. दक्षिण भागाची स्थिती निराळी होती. तेथील ग्रेट स्मोकी पर्वतात शैवाकांचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास एका परदेशी विद्वानाच्या हातून घडला. स्वीडिश शैवाकतज्ञ गुन्नार डेगेलियस यांनी १९३९ मध्ये तेथे संग्रह केला व त्यावरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध केला.

या विलंबाबरोबर एक आपत्तीही लक्षात घेतली पाहिजे. नॉक्सव्हिल येथील टेनेसी विद्यापीठ हे या डोंगरांजवळचे विद्यापीठ. १९३४ मध्ये तेथील वनस्पतिशास्त्र विभागाच्या इमारतीला आग लागून तिच्यातील वनस्पतिसंग्रह नष्ट झाला. एल. आर. हेस्लर, ए. जे. शार्प व त्यांचे सहकारी यांनी डोंगरांतून पुन्हा नमुने गोळा करून तो नव्याने उभारला. योगायोग असा की, ग्रेट स्मोकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानाची स्थापनाही त्याच वर्षीची. म्हणजे डोंगर संरक्षणाखाली आले त्याच वर्षी त्यांच्या वनस्पतींची जवळची लेखी साक्ष राख झाली. त्यामुळे या प्रदेशातील एखाद्या जातीची जुनी नोंद विद्यापीठाच्या संग्रहात आढळत नाही, एवढ्यावरून ती जाती पूर्वी तेथे नव्हती असे अनुमान काढणे धोक्याचे ठरते.

प्रस्तुत शैवाकाला पहिले शास्त्रीय नाव १९४७ मध्ये मिळाले. येल विद्यापीठातील निवृत्त प्राध्यापक अलेक्झांडर विल्यम एव्हान्झ (१८६८–१९५९) हे यकृतकांचे (शेवाळींच्या एका गटाचे) जगन्मान्य अभ्यासक होते. उत्तरायुष्यात ते क्लॅडोनिया या शैवाकवंशाकडे वळले. टेनेसीतील नमुन्यांवरून त्यांनी ‘क्लॅडोनिया लिनिॲरिस’ अशी नवी जाती वर्णिली, तेव्हा ते ऐंशीच्या घरात पोहोचत होते. ‘लिनिॲरिस’ म्हणजे रेषेसारखे अरुंद. ज्या नमुन्यावर असे नाव आधारलेले असते त्याला प्ररूप नमुना म्हणतात. पुढे कितीही मतभेद झाले, तरी नाव कोणत्या जीवाचे हे ठरविताना शेवटचा शब्द त्या पुडीचाच असतो. प्ररूप नमुन्याचा स्पष्ट निर्देश करण्याचे बंधन १ जानेवारी १९५८ पासून आले. त्यापूर्वीच्या नावांबाबत मात्र लेखकाने कोणते नमुने पाहिले होते हे जुन्या चिठ्ठ्यांवरून शोधून काढावे लागते.

हे शैवाक क्लॅडोनियांत का गणले गेले हे समजण्यासारखे आहे. अनेक क्लॅडोनिया जातींचे आरंभीचे कायक असेच शल्कमय असते व त्यावर पुढे उभे दंड येतात. वाळलेल्या, फळे नसलेल्या स्थितीत दोहोंत गल्लत होऊ शकते. फरक शोधल्यावर सापडतो. क्लॅडोनियाची शल्के हिरवट, याची निळसर करडी. क्लॅडोनियाची फळे तपकिरी किंवा लाल, याची काळी. आणि शल्काचा तळभाग खालून काळा पडणे ही खूण क्लॅडोनियात नाही. पण या खुणा माहीत झाल्या त्या जाती वेगळी काढल्यानंतर. दुर्मिळ जातींचा इतिहास पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते की, जिला नावच नाही तिची नोंदही होत नाही. ती दुसऱ्याच नावाच्या पुडीत किंवा ‘अनिर्धारित’ म्हणून बाजूला पडून राहू शकते.

दुसरे नामकरण १९६८ मध्ये झाले आणि त्यातून हा विषय एकदम अमेरिकेबाहेर गेला. जपानी शैवाकतज्ञ इसाओ योशिमुरा व टेनेसीचे वर उल्लेखिलेले शार्प यांनी ‘जिम्नोडर्मा’ या आशियाई वंशाचा आढावा घेतला व एव्हान्झ यांच्या जातीला त्यात स्थान दिले. फिनिश पंडित विल्यम नीलांडर यांनी १८६० मध्ये स्थापिलेल्या या वंशाची मूळ जाती जिम्नोडर्मा कॉक्कोकार्पम ही हिमालयात व पूर्व आशियात आढळते. टेनेसीच्या कड्यावरील शैवाकाचे सगेसोयरे हिमालयाच्या धुक्यात सापडावेत हे प्रथमदर्शनी आश्चर्याचे वाटते; परंतु वनस्पतिशास्त्राला हा संबंध अपरिचित नव्हता. हार्व्हर्डचे एसा ग्रे यांनी जपान व पूर्व अमेरिका यांच्या वनस्पतींतील साम्य १८५९ मध्येच दाखवून दिले होते. एके काळी उत्तर गोलार्धात पसरलेल्या अरण्यांचे हे दोन अवशेष असून मधल्या प्रदेशांतील दुवे हवामानाच्या बदलामुळे नाहीसे झाले, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. शार्प यांचा शेवाळींचा अभ्यासही या साम्याशी निगडित होता. या शैवाकाने त्यांना त्या साखळीतील आणखी एक कडी दाखविली. हे काम दूरदेशांच्या पुड्या एकाच मेजावर शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय होऊ शकत नाही. संग्रहालयांत परस्परांना नमुने उसने देण्याची जी जुनी रीत आहे, तिचे हे उत्तम फळ म्हणावे लागेल.

नव्या वंशात आल्यावर नावाचे शेपूटही बदलले. जिम्नोडर्मा हा शब्द व्याकरणदृष्ट्या नपुंसकलिंगी असल्याने ‘लिनिॲरिस’चे ‘लिनिॲरे’ झाले. पुढे २००२ मध्ये बीजिंगचे ज्यांग-चुन वेइ व हेलसिंकीचे टेउव्हो आहती यांनी ही जाती आशियाई जातींहून पुरेशी भिन्न असल्याचे सांगून तिच्यासाठी सीट्राडोनिया हा स्वतंत्र वंश निर्मिला, एवढेच नव्हे तर स्वतंत्र कुलही कल्पिले. वंश स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘लिनिॲरिस’ परत आले. रेणवीय अभ्यासानंतर स्वतंत्र कुलाचा आग्रह टिकला नाही आणि शैवाक क्लॅडोनियाच्याच कुलात पोहोचले. एव्हान्झ यांनी ज्या वंशात त्याला ठेवले होते तो वंश त्याचा नव्हता. कुल मात्र त्यांना बरोबर दिसले होते.

या घडामोडींचा संग्रहातील पुडीवर दिसणारा परिणाम लक्षणीय आहे. नाव बदलले म्हणून जुनी चिठ्ठी फाडत नाहीत वा खोडत नाहीत. नवा अभ्यासक आपल्या नावाची व वर्षाची छोटी चिठ्ठी जुनीशेजारी डकवतो. त्यामुळे अशी पुडी कोणी केव्हा पाहिली व काय मानले याची वंशावळच होऊन बसते. उलटपक्षी, केवळ एका नावाने शोध घेणाऱ्यास सर्व नोंदी मिळत नाहीत. क्लॅडोनिया, जिम्नोडर्मा व सीट्राडोनिया या तिन्ही कप्प्यांत शोधल्याशिवाय या जातीची मोजदाद पुरी होत नाही. अमेरिकेतील शैवाकसंग्रहांची संगणकीय सामाईक सूची तयार झाल्यापासून हे काम सोपे झाले आहे.

आतापर्यंतचा इतिहास नावाचा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रश्न अस्तित्वाचा झाला. यूरोपातून आलेला, फर वृक्षांचा रस शोषणारा मावावर्गीय कीटक (अडेल्जिस पायसी) दक्षिण ॲपालॅचियन पर्वतात पसरला व १९६३ मध्ये ग्रेट स्मोकी राष्ट्रीय उद्यानात आढळला. याच पर्वतात मर्यादित असलेल्या फ्रेझर फर या वृक्षाची प्रौढ झाडे त्याने मोठ्या प्रमाणावर मारली. शैवाक झाडावर वाढत नाही हे खरे. पण कड्यावरची सावली गेली की ऊन थेट खडकावर पडते, मातीतील ओलावा टिकत नाही व पाझराची रेषा कोरडी पडते. कड्यांवर चढणाऱ्यांच्या व पर्यटकांच्या वावराने होणारी हानी वेगळीच. अखेर १८ जानेवारी १९९५ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या शासनाने या शैवाकाचा समावेश संकटग्रस्त जातींच्या यादीत केला. त्यापूर्वी या यादीत फ्लॉरिडातील क्लॅडोनिया परफोरेटा (१९९३) हे एकच शैवाक होते. त्या कायद्यात कवकांचा स्वतंत्र विचार नसल्याने दोन्ही शैवाके ‘वनस्पती’ या सदराखाली नोंदली गेली आहेत. पुनःस्थापनेचा आराखडा १९९७ मध्ये तयार झाला.

असा निर्णय घेताना जाती पूर्वी कोठे कोठे होती हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर जुन्या पुड्यांखेरीज दुसरीकडे मिळत नाही. चिठ्ठीवरचे ठिकाण वाचून तोच कडा पुन्हा शोधावयाचा व शैवाक अजून तेथे आहे काय ते पाहावयाचे, असे या कामाचे स्वरूप असते. कागदावर ते सरळ दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर अडचणी आहेत. पुडी व वस्ती यांची संख्या एक नसते. एकाच कड्यावर एकाच दिवशी काढलेल्या नमुन्याचे भाग अनेक संस्थांना पाठविले जातात व सूचीत ते स्वतंत्र नोंदी म्हणून दिसतात. नोंदींचा नकाशाही शैवाकाइतकाच संग्राहकांचा असतो. ब्ल्यू रिज पार्कवे या डोंगरमाथ्यावरील रस्त्याचे काम १९३५ मध्ये सुरू होऊन १९८७ मध्ये संपले. रस्त्यापासून तासाभराच्या चालीवर असलेले कडे वारंवार पाहिले जातात व दोराशिवाय न पोहोचता येणारे कडे रिकामेच राहतात. यादीत समावेश झाल्यानंतर हेतुपुरस्सर शोध घेतला असता नव्या वस्त्या सापडल्या, यावरून जुन्या नोंदींतील उणीव कळून येते. अर्थात नवी वस्ती सापडणे म्हणजे वस्ती वाढणे नव्हे.

जुन्या चिठ्ठ्यांवर अक्षांश-रेखांश नसतात. डोंगराचे नाव व फुटांत दिलेली उंची एवढ्यावरच भागविलेले असते. एका डोंगराच्या सर्व बाजूंचे कडे त्या वर्णनात बसतात. ज्या शैवाकाच्या बहुतेक वस्त्या एक चौरस मीटरहून मोठ्या नाहीत, ते अशा वर्णनावरून शोधणे अवघडच. शोध निष्फळ ठरला तर शैवाक नष्ट झाले की चुकीच्या कड्यावर शोधले, हे निश्चित सांगता येत नाही. स्थलनामेही बदलतात. ग्रेट स्मोकी पर्वताच्या सर्वोच्च शिखराचे (२,०२५ मी.) ‘क्लिंगमन्स डोम’ हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द होऊन ‘तुतीची जागा’ या अर्थाचे ‘कुवोही’ हे मूळचे चेरोकी नाव अधिकृत झाले. पूर्वन्याय म्हणून हे योग्यच झाले. पण त्या परिसरातील जुन्या पुड्या वाचणाऱ्याला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतील.

या जातीच्या बाबतीत सर्वांत बिकट गोष्ट अशी की, तिच्यावरील धोक्यांत संग्रहणाचीही गणना झाली. तळहाताएवढ्या वस्तीतून काढलेली मूठभर शल्के म्हणजे त्या वस्तीचा मोठा हिस्सा होतो. आणि जो जीव मुख्यतः पसरूनच वाढतो, तो ती तूट लवकर भरून काढू शकत नाही. जुन्या संग्राहकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या पुड्या नसत्या तर या शैवाकाला नाव व कायद्याचे संरक्षण यांपैकी काहीच मिळाले नसते. तथापि संग्रहातील भरघोस पुडी पाहताना ती कड्यावरच्या रिकाम्या जागेचेही माप आहे, हे विसरता येत नाही. दुर्मिळ जातींच्या नेमक्या ठिकाणांची नोंद प्रसिद्ध करावी की नाही हा वादही यातूनच उद्भवतो. नोंद उघड असेल तर अभ्यासकाला उपयोग व हौशी संग्राहकालाही वाट. झाकली तर शैवाक सुरक्षित, पण रस्ता किंवा इमारत आखणाऱ्यालाही त्याचा पत्ता नाही. सार्वजनिक सूचीत स्थानाचा तपशील झाकून तो केवळ अधिकृत अभ्यासकांना देण्याची तडजोड आता रूढ झाली आहे.

योशिमुरा व शार्प यांचा लेख ज्या अमेरिकन नियतकालिकात आला होता, त्याच नियतकालिकात बरोबर पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, जेसिका ॲलन व त्यांचे सहकारी यांनी या शैवाकाच्या संपूर्ण जीनसंचाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या डोंगरांवरील वस्त्या आनुवंशिक दृष्ट्या परस्परांपासून स्पष्टपणे अलग असून अंतर वाढते तसे वेगळेपण वाढते, असे त्यात दिसून आले. तसेच प्रत्येक कायकात दोन प्रजननप्रकारांपैकी एकाचेच जनुक असते. याचा अर्थ असा की, लैंगिक प्रजननासाठी दोन भिन्न प्रकारची कायके जवळ असावी लागतात व ज्या कड्यावर एकच प्रकार उरला आहे, तेथे हा मार्ग खुंटतो. शिखरे म्हणजे समुद्रातील बेटेच होत. एका बेटावरून नाहीसे झालेले शैवाक शेजारच्या बेटावरून सहजी येत नाही व आले तरी ते पूर्वीचेच नसते. त्यामुळे अमुक कड्यावरची जुनी पुडी आता केवळ जातीची खूण राहिली नाही, तर त्या कड्यापुरत्या मर्यादित असलेल्या वाणाचा अवशेष ठरते. दीर्घकाळ ठेवलेल्या नमुन्यांत डीएनए तुटत जाते, म्हणून अशा जुन्या पुड्यांतून मिळणारी माहिती अपुरी असते; तरीही नष्ट झालेल्या वस्तीच्या बाबतीत दुसरा आधार नसतो.

ग्रेट स्मोकी उद्यानातील शैवाकांवर एरिन ट्रिप व जेम्स लेंडेमर यांचा मार्गदर्शक ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यावरून तेथील शैवाकजातींची संख्या नऊशेच्या आसपास असल्याचे कळते. डेगेलियस यांच्या काळी ती याहून पुष्कळच कमी समजली जात होती. सीट्राडोनिया लिनिॲरिसच्या वस्त्यांची पाहणी आता संग्रह न करता करण्याकडे कल आहे. कड्यावरील वस्तीचे क्षेत्रफळ मोजतात, ठरावीक जागेवरून छायाचित्र घेतात आणि परवान्याने नमुना घेतलाच तर तो काही शल्कांपुरता असतो. अशा पुडीत पाहण्यासारखे फारसे काही नसते. पण तिच्यावरील चिठ्ठी जुन्या चिठ्ठ्यांच्या कितीतरी पट लांब असते.